मुलाचं शैक्षणिक कर्ज : मय्यतनंतर देणं कुणाकडे येतं?

जनाजाच्या नमाजीसाठी सफा उभ्या राहिल्या की मय्यतचे वालिद किंवा भाऊ पुढे येऊन सांगतात, "मरहूमकडे कुणाचं काही देणं असेल तर आम्हाला येऊन भेटा, नाहीतर अल्लाहसाठी माफ करा." किराणावाला, मेडिकलवाला, दोस्त, ज्याचे हजार-दोन हजार असतात तो बहुतेक तिथंच मनातून माफ करून टाकतो. देण्याचं वजन आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं. कर्जदार मय्यतची नमाज पढवायला हुजूर (सल्ल.) थांबले आणि अबू कतादा (रजि.) यांनी ते दोन दीनार आपल्या अंगावर घेतल्यावर नमाज झाली, हा वाकया जुम्याच्या बयानात कुणी ऐकला नसेल असं नाही.

पण मरहूम एकवीस-बावीस वर्षांचा असेल, पुण्याला किंवा संभाजीनगरला इंजिनिअरिंग, फार्मसी शिकत असेल, तर त्याच्या नावावरचं सगळ्यात मोठं देणं सफेत उभ्या असलेल्या कुणाचंच नसतं. ते बँकेचं असतं. बँक जनाजाला येत नाही. चाळीसवा होऊन जातो, मग एक दिवस पत्र येतं किंवा फोन वाजतो.

शाळेत शिकवणाऱ्या माणसाकडे लोक असली पत्रं वाचून घ्यायला आणतात. उर्दू माध्यमात शिकलेल्या आई-बापाला बँकेचं इंग्रजी पत्र म्हणजे कोर्टाचं समन्सच वाटतं. अशा वेळी मला दोनच प्रकारचे प्रश्न ऐकू येतात. एक, "सर, पोरगाच गेला, आता कर्ज कशाचं? ते तर माफ झालं ना?" आणि दुसरा, "सर, आता मोठ्या पोराच्या पगारातून कापतील का? सुनेच्या दागिन्यावर येतील का?" पहिल्यात खोटी आशा आहे, दुसऱ्यात खोटी भीती. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं : कर्जाच्या कागदावर सही कुणाकुणाची आहे आणि कोणत्या नात्यानं आहे.

हा विषय आपल्या जिल्ह्याला लांबचा नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. राज्य सरकारनं वारसांना ५ लाख आणि पंतप्रधान सहायता निधीतून २ लाख जाहीर केले. त्या बसमधल्या कुणावर काय कर्ज होतं ते मला माहीत नाही आणि तो आपला विषयही नाही. पण त्याच रस्त्यानं आपली पोरं ईदला घरी येतात आणि परत जातात. बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कोणत्याही तालुक्यातलं पोर मोठ्या शिक्षणासाठी बाहेर जातं आणि त्यातले कितीतरी बँकेच्या कर्जावर जातात.

सही कुणाची, कोणत्या नात्यानं

इंडियन बँक्स असोसिएशनची नमुना शैक्षणिक कर्ज योजना २००१ पासून आहे आणि बहुतेक सरकारी बँका थोड्याफार फरकानं तीच चालवतात. तिच्यात ४ लाखांपर्यंत तारण नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. ४ ते साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाईत जामीनदार मागायची पद्धत होती. साडेसात लाखांच्या वर घर, प्लॉट, ठेव असं काहीतरी तारण लागतं. २०१५ पासून केंद्र सरकारचा पतहमी निधी आला, त्यामुळे साडेसात लाखांपर्यंत बरीच कर्जं जामीनदाराशिवाय मिळू लागली.

इथंच पहिला गैरसमज होतो. "सरकारची गॅरंटी आहे" असं ऐकलं की घरच्यांना वाटतं, काही झालं तर सरकार भरेल. ती हमी बँकेसाठी आहे. कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्के बँकेला निधीतून मिळतात. तेवढ्यानं तुमचं देणं मिटत नाही, बँक तुमच्याकडे वसुली चालूच ठेवते. विनातारण म्हणजे विनादेणं नव्हे.

आता सह्यांकडे बघू. मुलगा मुख्य कर्जदार असतो. वालिद किंवा अम्मी सहकर्जदार असतात. म्हणजे कर्ज त्यांनीही घेतलंय, फक्त पैसे मुलाच्या फीवर गेले. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर समोरचा माणूस कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. त्यामुळे मुलाच्या इंतेकालनंतर वालिदांचं देणं संपत नाही, अर्ध्यावरही येत नाही. ते पहिल्या दिवसापासून पूर्ण त्यांचंही होतं. ऐकायला कठोर आहे, पण हे आधी स्वीकारलं तर पुढचे निर्णय नीट होतात.

जामीनदार म्हणजे बहुतेक चाचा, मामू, नाहीतर गावातला एखादा नोकरदार. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा अनुभव चांगलाच आहे, पगारपत्रक दिसलं की लोक जामिनासाठी येतात. त्याच कायद्याचं कलम १२८ म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी बापाकडून घ्या, मग माझ्याकडे या" असं म्हणायचा हक्क त्याला सहसा नसतो. मात्र त्यानं भरलं तर ते पैसे सहकर्जदाराकडून आणि मरहूमच्या मालमत्तेतून मागण्याचा हक्क त्याला मिळतो.

आणि ज्याची सही कुठंच नाही, त्याचं काय? मोठा भाऊ, वहिनी, बहीण, मरहूमची बेवा? त्यांच्या स्वतःच्या कमाईवर या कर्जाचा काही बोजा नाही. फोनवर कुणी कितीही दरडावलं तरी नाही.

वारस वेगळा, सहकर्जदार वेगळा

आपल्या घरांमध्ये हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून जरा थांबून बघू. शरीयतचा क्रम आपल्याला पाठ आहे. मय्यतच्या मालातून आधी कफन-दफनचा खर्च, मग देणं, मग एक तृतीयांशाच्या आत वसियत, आणि उरलं तर वारसांचे हिस्से. म्हणजे देणं मालावर असतं. माल संपला की वारसाच्या खिशात हात घालता येत नाही. वारसानं स्वतःहून मरहूमच्या रूहसाठी भरलं तर ती त्याची मर्जी, आणि मोठ्या सवाबची गोष्ट.

देशाचा कायदाही इथं तेच सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे मेलेल्या माणसाविरुद्धचा हुकूमनामा वारसाविरुद्ध चालवता येतो, पण मरहूमची जेवढी मालमत्ता त्याच्या हातात आली तेवढ्यापुरताच. मुस्लिमांच्या बाबतीत जुना निकाल आहे, १८८५ चा, अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठाचा, जाफरी बेगम विरुद्ध अमीर मुहम्मद खान. त्यात सविस्तर निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी, सर सय्यद अहमद खान यांच्या मुलानं. त्यात ठरलं की मृत्यूच्या क्षणीच मालमत्ता वारसांकडे जाते, आणि एका वारसाविरुद्धचा हुकूमनामा खटल्यात नसलेल्या दुसऱ्या वारसाला बांधत नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, वकील अजून त्याचा दाखला देतात.

आता हे एका घरावर लावून बघा. समजा चिखली तालुक्यातला एक मुलगा, अविवाहित. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांसाठी ४ लाख मंजूर झाले. दोन वर्षं झाली, दरवर्षी १ लाख उचलले आणि अपघातात तो गेला. पहिली गोष्ट, देणं ४ लाख नाही. जेवढे उचलले तेवढंच, म्हणजे २ लाख आणि त्यावरचं व्याज. शिक्षण चालू असेपर्यंत सरळव्याज लागतं. दर १० टक्के धरला तर पहिल्या लाखावर दोन वर्षांचे २० हजार, दुसऱ्यावर एका वर्षाचे १० हजार. एकूण २ लाख ३० हजार. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत नाव लागलं असेल, तर त्या काळाच्या व्याजाचं अनुदान आलं का, हे बँकेला विचारलंच पाहिजे.

मुलाच्या मागं राहिले सेव्हिंग खात्यात १८ हजार, एक जुनी मोटरसायकल, लॅपटॉप. हा त्याचा तरका. आई-वडील हयात आहेत, मुलंबाळं नाहीत, म्हणून आई-वडील हेच वारस. वडील हयात असताना भाऊ-बहिणींना हिस्साच नाही. म्हणजे पुण्यात नोकरी करणारा मोठा भाऊ वारसही नाही आणि त्याची सहीही नाही. बँकेचा आणि त्याचा संबंध शून्य. अम्मीची सही नसेल तर त्या फक्त वारस, हाती जे आलं तेवढ्यापुरत्या. वालिद मात्र दोन्ही आहेत. वारस म्हणून मर्यादित, सहकर्जदार म्हणून पूर्ण. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या. बँक अर्थातच दुसरी टोपी बघते.

मुलगा लग्न झालेला असेल तर आणखी एक गोष्ट, जी घरात कुणी बोलत नाही. बेवेचा न दिलेला मेहर हेही मरहूमवरचं देणंच आहे. विनातारण कर्जाच्या बँकेइतकाच तिचाही त्या मालावर दावा आहे. बँकेचं पत्र आलं म्हणून तिच्याकडून दागिने काढून घेणं हे ना शरीयतमध्ये बसतं ना कायद्यात.

शेत जाईल का?

हा प्रश्न आपल्या भागात सगळ्यात आधी विचारला जातो. दोन-चार एकर कोरडवाहू, सोयाबीन-कापूस, त्यावर आधीच पीककर्ज.

कुणी म्हणालं की "शेत वडिलोपार्जित आहे, त्यात मुलाचा हिस्सा होता, तो आम्ही घेऊ," तर ते चूक आहे. जन्मतः हिस्सा ही हिंदू एकत्र कुटुंबाची कल्पना आहे. मुस्लिम कायद्यात बाप हयात असताना मुलाचा बापाच्या जमिनीत काही हक्क नसतो. मुलगा आधी गेला तर त्याच्या तरक्यात बापाचं शेत येतच नाही.

पण बाप सहकर्जदार म्हणून स्वतः देणेकरी आहे, त्यामुळे बँक त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा करू शकते. त्यातही काही आधार आहेत. सरफेसी कायद्यानं, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायच्या कायद्यानं, शेतजमिनीवर जाता येत नाही, तो कायदा शेतजमिनीला लागू नाही. दिवाणी हुकूमनाम्यातही शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि तारण न ठेवलेलं राहतं घर जप्तीतून वगळलेलं आहे. शहरातला बिगरशेती प्लॉट किंवा घर तारण दिलं असेल तर मात्र धोका खरा आहे. तिथं नोटीस आली की वकिलाकडे जायला एक आठवडाही घालवू नका.

विमा कुठं लपलाय ते शोधा

मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. पैसे हक्काचे असतात आणि घरच्यांना माहीतच नसतं.

कर्ज देताना बँका कर्जाला जोडलेला आयुर्विमा विकतात. स्टेट बँकेत एसबीआय लाईफचा 'ऋण रक्षा' आहे, इतर बँकांचे त्यांचे. हा विमा सक्तीचा नाही, पण पुष्कळदा हप्ता कर्जातच मिळवून टाकलेला असतो. त्यामुळे मंजुरीपत्र आणि खातेउतारा घ्या आणि सुरुवातीच्या नोंदींमध्ये 'इन्शुरन्स' किंवा 'प्रीमियम' असा शब्द दिसतो का बघा. दिसला तर विमा कुणाच्या जिवाचा आहे ते विचारा. काही वेळा तो मुलाचा असतो, काही वेळा कमावत्या बापाचा. मुलाचा असेल तर विमा कंपनी राहिलेलं कर्ज पॉलिसीच्या तक्त्याप्रमाणे थेट बँकेला भरते. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली असतील तर विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे कंपनीला "माहिती लपवली होती" असं म्हणून दावा नाकारता येत नाही.

मग मुलाचं सेव्हिंग खातं बघा. जनधन किंवा साध्या खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, २ लाख. २० रुपये कापले जात असतील तर सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. रुपे एटीएम कार्डावरही अपघात विमा असतो, कार्डाच्या प्रकाराप्रमाणे आणि अटींप्रमाणे. मेसेजमध्ये "४३६ डेबिट" दिसतं आणि आपण ते बँकेनं उगाच कापलं म्हणून सोडून देतो! पासबुक छापून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी तपासा, हे हप्ते त्याच सुमारास जातात.

मुलगा नोकरीला लागला होता आणि पीएफ कापला जात होता, तर पीएफशिवाय ठेवसंलग्न विमा असतो, कमाल ७ लाखांपर्यंत. नॉमिनीला मिळणारी पीएफची रक्कम मरहूमच्या कर्जासाठी ओढता येत नाही, कायद्यानंच तिला संरक्षण दिलंय.

रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. शिकणाऱ्या मुलाची कमाई नव्हती म्हणून काही मिळणार नाही असं समजू नका, त्याच्या पुढच्या कमाईचाही विचार होतो. सरकारनं जाहीर केलेली मदत मिळाली तरी हा दावा वेगळा.

एक व्यवहाराची गोष्ट. विम्याचे पैसे त्याच बँकेतल्या वालिदांच्या खात्यात आले तर बँक ते थकलेल्या कर्जाकडे वळवू शकते. भरायचेच असतील तर हरकत नाही, पण किती आणि कधी हे तुम्ही ठरवा.

बँकेत तोंडी सांगू नका

"मॅनेजर साहेबांना सांगितलं होतं" याला काही किंमत नाही. साहेबांची बदली होते. दाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या.

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते. पुण्याच्या दवाखान्यात इंतेकाल झाला आणि दफन गावात, तर दाखला पुणे महापालिकेचा. २१ दिवसांत नोंद साधी होते, नंतर कटकट वाढते. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग आधार आणि कर्जाच्या कागदाप्रमाणे आहे का तिथंच बघा. आपल्याकडे एकाच मुलाच्या टीसीवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद'चं लघुरूप 'मो.' आणि बँकेत नुसतं 'एम' असतं. शेखचे शैख होतात. विमा कंपनीला दावा अडवायला एवढं पुरतं.

अर्जात मृत्यूची तारीख कळवा आणि मागा : कर्जकराराची व मंजुरीपत्राची प्रत, आजपर्यंतचा खातेउतारा, विमा असेल तर पॉलिसीची प्रत आणि दाव्याचा फॉर्म, व्याज अनुदान आलं का याची माहिती, खातं पतहमी निधीत आहे का, आणि हप्ता कधीपासून किती. पुढची उचल थांबवा असंही लिहा, म्हणजे कॉलेजला पुढच्या सत्राची फी जाणार नाही. कॉलेजलाही वेगळं पत्र देऊन अनामत आणि न वापरलेल्या सत्राची फी परत मागा. दहा-वीस हजार तिथंही सुटतात.

त्या दिवशी बँकेत नवीन कशावर सही करू नका. शिल्लक मान्य असल्याचं पत्र, पुनर्रचनेचा अर्ज, कोरा फॉर्म, काहीही असो, घरी आणा, कुणाला तरी वाचायला द्या. मोठा भाऊ भावनेच्या भरात "मी बघतो साहेब" म्हणून सही करून येतो आणि ज्याचं काहीच देणं नव्हतं तो जामीनदार होऊन बसतो. देणं बुडवा असं मी म्हणत नाही. भावाला भरायचं असेल तर त्यानं जरूर भरावं, पण सही न करताही पैसे भरता येतात.

वारस दाखल्यासाठी लगेच पळायची गरज नाही. कर्जाची माहिती घ्यायला सहकर्जदार म्हणून तुमची सही पुरेशी आहे. खात्यातल्या पैशासाठी नॉमिनी नसेल आणि बँक अडून बसली तर दिवाणी कोर्टाचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं.

वसुलीवाले आले तर

रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश स्पष्ट आहे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. धमकी नाही, चारचौघांत बदनामी नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. एजंटाकडे ओळखपत्र मागा, बँकेचं अधिकारपत्र मागा. रोख त्याच्या हातात देऊ नका, पैसे फक्त कर्जखात्यात भरा.

तक्रार आधी बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोन १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. जिल्ह्याची अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया आहे, तिच्या जिल्हा व्यवस्थापकालाही अर्जाची प्रत द्यावी, शाखा जरा लवकर हलते. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र हा रस्ता नाही, पतसंस्था सहकार निबंधकांच्या कक्षेत येतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं कर्ज असेल तर अर्ज महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात. व्याज कमी असलं तरी जामीनदाराची जबाबदारी तिथंही असतेच.

भरणं झेपत नसेल तर

मुलगा गेला, त्याच्या भरवशावर काढलेलं कर्ज बापाच्या मजुरीतून फिटणार नाही, हे बँकेलाही कळतं. एकरकमी तडजोडीसाठी प्रत्येक बँकेचं धोरण असतं. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्याची चौकटही घालून दिली आहे. मृत्यू, घरचं उत्पन्न, इतर मुलांचं शिक्षण हे सगळं लिहून अर्ज करा. व्याज सोडा, मुद्दल हप्त्यानं घ्या, असं मागायला लाज बाळगू नका. लोकअदालतीत हे लवकर होतं. तिथं कोर्ट फी लागत नाही, आणि झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसतं. बुलडाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गरजूंना मोफत वकील मिळतो, महिलांना उत्पन्नाची अटही नाही. फोन १५१००.

तडजोडीची एक किंमत आहे. सहकर्जदाराच्या सिबिल नोंदीत 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' येतं. मागे धाकटी मुलगी बारावीला असेल, तिला नर्सिंगला किंवा डी.फार्मला घालायचं असेल, तर पुढच्या वर्षी तिच्या कर्जाच्या वेळी याच वालिदांचं सिबिल बघितलं जाणार. म्हणून थकबाकी छोटी असेल आणि विमा किंवा नातेवाईकांच्या मदतीनं पूर्ण भरता येत असेल तर पूर्ण भरलेलं बरं, असं माझं मत आहे. मोठी असेल तर तडजोड करा, आणि त्या मुलीच्या कर्जासाठी अम्मी किंवा कमावता भाऊ सहकर्जदार होऊ शकतो का ते आधीच विचारून ठेवा. मुलीचं शिक्षण तेवढ्यासाठी थांबू देऊ नका.

जमातीत जकातीचा प्रश्न हमखास निघतो. हनफी मसल्याप्रमाणे जकात जिवंत हकदाराच्या मालकीत द्यावी लागते, म्हणून मय्यतचं देणं थेट जकातीतून फेडलं जात नाही. पण इथं वालिद स्वतःही कर्जदार आहेत. ते गरजू असतील तर कर्जात अडकलेल्या जिवंत माणसाच्या खात्यात येतात, आणि जकातीच्या आठ खात्यांपैकी ते एक आहे. व्याजाच्या रकमेबद्दल आणि बाकी बारकाव्यांबद्दल आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. सदका आणि इमदाद यांना ही अट नाही.

कर्ज फिटलं की बेबाकी दाखला घ्या. तारण कागद बँकेनं ३० दिवसांत परत द्यायचे असतात, उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धतही बँकेनं ठरवून ठेवायची आहे, असं रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये सांगितलंय.

बाहेरच्या देशांत

अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर रद्द होतं. आई-बापानं मुलासाठी घेतलेलं सरकारी कर्जसुद्धा मुलगा वारला तर रद्द होतं. ब्रिटनमध्येही सरकारी विद्यार्थी कर्ज मृत्यूबरोबर संपतं. अमेरिकेतल्या खाजगी कर्जांत आई-बापांना वर्षानुवर्षं हप्ते भरावे लागत होते. न्यू जर्सीतला एक विद्यार्थी २००६ मध्ये वारला, त्याच्या घरच्यांनी आवाज उठवला, आणि अखेर २०१८ च्या कायद्यानं नव्या खाजगी कर्जांत विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर सहीदाराला मोकळं करण्याची तरतूद झाली. आपल्याकडे सहकर्जदार आई-बापाला असं मोकळं करणारा कायदा नाही. आपले आमदार-खासदार शिक्षणावर भाषणं भरपूर देतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडायला हरकत नाही.

भारतातल्या बँकेतून कर्ज काढून मुलगा परदेशी एमबीबीएसला गेला असेल तर तिकडचे हे नियम लागत नाहीत, कर्ज इथल्याच कराराप्रमाणे चालतं. अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज अनुदान देणारी 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद आहे, त्यामुळे अशा कर्जाचं व्याज आता पूर्ण घरच्यांवर असतं आणि रकमाही मोठ्या असतात. अशा कर्जाला मुलाच्या जिवाचा विमा नसेल तर बँकेत जाऊन आजच चौकशी करा. विमा मुलाच्याच नावावर आहे, मुदत कर्जाइतकी आहे आणि परदेशातला मृत्यू त्यात धरलाय, या तीन गोष्टी पॉलिसीत वाचून घ्या. एक प्रत घरी ठेवा, एक मुलाकडे.